गौण विषय : लेखन

भिलाईतील मराठी घरांतून जून महिना उजाडला की एकच चर्चा कानी पडते. कोणाच्या मुलाला कोणती शाखा मिळाली, कोणाच्या मुलीला कोणते महाविद्यालय मिळाले आणि तेथून बाहेर पडल्यावर नोकरीचा संभव कितपत आहे, ही ती चर्चा. पोलादाच्या गावात ती व्हावी हे स्वाभाविकच होय. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती ह्या बाजूंनी येथे आले ते कारखान्याच्या भोंग्यावर संसार उभा करण्यासाठी, काव्यशास्त्रविनोदासाठी नव्हे. परंतु अलीकडे ह्या चर्चेत एक नवा शब्द शिरला आहे. तो म्हणजे 'मायनर'. २९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्यापुढे एक मुख्य विषय आणि त्याच्या जोडीस एक गौण विषय अशी मांडणी ठेवली. मुख्य विषय आपल्याकडे जवळजवळ जन्मपत्रिकेतच लिहिलेला असतो. प्रश्न उरतो तो गौण विषयाचा. अशा वेळी एखादी मुलगी म्हणाली की, मला गोष्टी लिहावयास शिकावयाचे आहे, तर घरातील वडीलधारी मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला, लिहिणे हे काही शिकवून येत नाही. दुसरा, आले तरी त्याचा उपयोग काय?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आम्ही देणार नाही. ते ज्याच्या त्याच्या संसाराने द्यावे. पहिला आक्षेप मात्र इतिहासाचा आहे, आणि इतिहासाच्या कसोटीवर तो टिकतो की नाही हे पाहण्याचा अधिकार एका सामान्य बी.ए. झालेल्या सरकारी नोकरासही असावा.

कवी जन्मावा लागतो, ही समजूत आपण परंपरागत मानतो. वस्तुतः परंपरेचे म्हणणे तसे नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याच्या निर्मितीस तीन गोष्टी एकत्र लागतात असे सांगितले : अंगची शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे पाहून आलेली निपुणता, आणि काव्य जाणणाऱ्याच्या हाताखाली केलेला अभ्यास. तिसऱ्या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. नुसता अभ्यास नव्हे. जाणत्याच्या हाताखालचा अभ्यास. त्याहीपूर्वी, इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास, राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीची दिनचर्याच आखून दिली. दिवसाचे चार प्रहर. पहिल्यात अध्ययन, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात जाणत्यांची गोष्ठी, आणि चौथ्यात सकाळी लिहिलेल्याची तपासणी. कारण लिहिण्याच्या भरात असलेल्या माणसास आपले दोष दिसत नाहीत. हा राजशेखर आपल्याला अगदीच परका नाही. महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या यायावर कुळात तो जन्मला, कनोजच्या दरबारी राहिला आणि जबलपूरजवळच्या त्रिपुरीस कलचुरींच्या आश्रयासही आला. त्याच कलचुरींची एक शाखा पुढे आपल्या छत्तीसगढात रतनपूरला नांदली. 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला तोही एका मराठी संस्थानात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे ते पहिले पुष्प, १९१६ सालचे.

काश्मीरचा क्षेमेंद्र तर आणखी व्यवहारी. त्याने शिष्यांच्या तीन जाती सांगितल्या. थोड्या प्रयत्नाने साध्य होणारे, फार कष्टाने साध्य होणारे आणि असाध्य. असाध्य कोण? जो स्वभावतःच दगडासारखा आहे, किंवा व्याकरणाने ज्याचा नाश झाला आहे, किंवा तर्कशास्त्राने जो जळून गेला आहे, तो. क्षेमेंद्राच्या काळी शासकीय टिप्पणीलेखन नव्हते, नाही तर ह्या यादीत आमच्या वर्गाचीही गणना झाली असती.

मग ही परंपरा आपल्या विद्यापीठांत का उतरली नाही? १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा प्रश्न लेखनाचा नव्हताच; मराठीस दारात उभे करावे की नाही एवढाच होता. १८६० नंतरच्या दशकात देशी भाषांना पदवीच्या परीक्षांतून बाहेर काढून त्यांच्या जागी अभिजात भाषा आल्या. त्या निर्णयाविरुद्ध न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे चिकाटीने झगडले. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे १८९८ चे प्रसिद्ध इंग्रजी टिपण त्याच खटपटीचा भाग होते. ह्या भाषेत अभ्यासण्याजोगे काही आहे हे विद्यापीठाला पटवून द्यावे लागत होते! १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले; त्याच सुमारास एम.ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला. परंतु हे सारे बळ मराठी साहित्य वाचण्याचा हक्क मिळविण्यात खर्च झाले. पुढे मराठीचे वर्ग निघाले, विभाग निघाले. त्यांत ज्ञानेश्वरी आली, मोरोपंत आले, केशवसुत आले, व्याकरण आले. विद्यार्थ्याने स्वतः काही लिहावे ही अपेक्षा निबंधाच्या एका प्रश्नापलीकडे गेली नाही. आमच्या बी.ए.ला मराठी होते. तीन वर्षांत आम्ही कवितांची रसग्रहणे किती लिहिली ह्याची गणती नाही. परंतु स्वतःची एक ओळ लिहा, असे आम्हास कोणी म्हटले नाही, आणि आम्हीही ते विचारले नाही. गाण्याच्या वर्गात तीन वर्षे बसून एकदाही गळा उघडू नये, असा हा प्रकार होता.

विद्यापीठाने जे केले नाही ते मराठीत एका प्राध्यापकाने विद्यापीठाबाहेर करून पाहिले. ना. सी. फडके हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापक. त्यांचा मुख्य विषय तर्कशास्त्र, म्हणजे क्षेमेंद्राच्या हिशेबी ते असाध्यांतच जमा व्हावयाचे. त्यांनी १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन' लिहिले आणि पुढे लघुकथेच्या तंत्रमंत्रावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. कथानक कसे रचावे, उत्कंठा कशी वाढवावी, शेवटची कलाटणी कोठे द्यावी, हे सांगून शिकविता येते असे त्यांचे प्रतिपादन होते. एका पिढीने ही पुस्तके उशाशी घेऊन कथा लिहिल्या. पुढच्या पिढीने त्यांची टर उडविली. १९४५ नंतर नवकथा आली, आणि 'तंत्र' हा शब्द मराठी समीक्षेत जवळजवळ शिवीसारखा वापरला जाऊ लागला. आमच्या मते ह्या भांडणात एक नुकसान झाले ते फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. फडक्यांच्या साच्यास विरोध करताना, लेखनाचेही शिक्षण असू शकते हा त्यामागचा विचारच आपण सोडून दिला. साचा वाईट होता म्हणून कुंभाराचे चाक अडगळीत टाकावयाचे नसते.

गंमत अशी की, नवकथेच्या अध्वर्यूंना लेखन हा गौण विषयच होता. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवीत. अरविंद गोखले कृषी महाविद्यालयात अध्यापक होते. व्यंकटेश माडगूळकर महाविद्यालयाची पायरीच चढले नव्हते. कवितेत पु. शि. रेगे पुन्हा अर्थशास्त्राचे. आणि मर्ढेकर आकाशवाणीवर अधिकारी, म्हणजे आमच्यासारखेच केंद्र सरकारचे चाकर. मराठीत लेखन हे नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी बसूनच झाले आहे. नव्या धोरणाने त्याला 'गौण' ही पदवी दिली त्यात आम्हास अपमान दिसत नाही तो ह्यासाठी. मात्र शेजारी बसलेल्याकडे लक्ष देणारा कोणी तरी लागतो, आणि ह्या मुद्द्याचे सर्वांत जवळचे उदाहरण भिलाईपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

१९५८ साल डोळ्यांपुढे आणावे. सोव्हिएत रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या कराराप्रमाणे भिलाईच्या माळावर कारखाना उभा राहत होता. पहिली झोतभट्टी अजून पेटावयाची होती. ती ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. नागपूर ही आता आपली राजधानी राहिली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ मुंबई राज्यात गेला होता आणि छत्तीसगढ भोपाळकडे पाहू लागला होता. दुर्गच्या पश्चिमेस तीस किलोमीटरवर राजनांदगाव. आज तो स्वतंत्र जिल्हा आहे. १९७३ पर्यंत तो दुर्ग जिल्ह्यातच होता. तेथील राजे दिग्विजयदास यांच्या वाड्यात १९५७ मध्ये महाविद्यालय निघाले, आणि दुसऱ्या वर्षी तेथे हिंदीचे अध्यापक म्हणून एक मराठी गृहस्थ दाखल झाले. त्यांचे नाव गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांविषयी हिंदीत ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. आपल्या मराठी मंडळींत मात्र 'ते आपलेच' एवढे म्हणून विषय संपतो. ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे १३ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात. घरची भाषा मराठी, लिहिण्याची हिंदी. इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून बी.ए. झाल्यावर त्यांनी शाळांतून मास्तरकी केली, नंतर नियतकालिकांत काम केले, नागपुरात शासनाच्या माहिती खात्यात, आकाशवाणीवर आणि 'नया खून' साप्ताहिकात दिवस काढले. १९४३ मध्ये अज्ञेयांनी काढलेल्या 'तार सप्तक' ह्या युगप्रवर्तक संग्रहातील सात कवींत ते होते. त्याच सातांत दुसरे मराठीभाषी म्हणजे प्रभाकर माचवे. एम.ए. ची पदवी मुक्तिबोधांनी घेतली ती पस्तिशी गाठल्यावर, नागपूर विद्यापीठातून, आणि तिच्याच बळावर त्यांना राजनांदगावची नोकरी मिळाली. चाळिसाव्या वर्षी प्रथमच बरी म्हणावी अशी मिळकत, राहावयास वाड्याचा एक भाग, भोवती तळी. हयातीची अखेरची सहा वर्षे त्यांनी तेथे घालविली, आणि त्यांच्या थोर समजल्या जाणाऱ्या दीर्घ कवितांना अखेरचा आकार तेथेच आला.

त्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात 'सर्जनशील लेखन' नावाचा विषय नव्हता. असणार तरी कोठून? परंतु ह्याच काळात मुक्तिबोधांनी लेखनप्रक्रियेवर जे चिंतन केले ते कोणत्याही लेखनवर्गाचे पहिले पाठ्यपुस्तक व्हावे असे आहे. हरिशंकर परसाईंच्या जबलपूरहून निघणाऱ्या 'वसुधा' मासिकात त्यांनी लिहिलेली प्रकरणे पुढे 'एक साहित्यिक की डायरी' ह्या नावाने आली. त्यांत 'तीसरा क्षण' म्हणून एक प्रकरण आहे. केशव नावाच्या मित्राशी संवाद, असा त्याचा घाट. कलेचे तीन क्षण तेथे सांगितले आहेत. त्याचा मथितार्थ आमच्या शब्दांत असा. प्रथम जगण्यातला एखादा अनुभव माणसाला तीव्रतेने झोंबतो. मग त्या अनुभवाचा ज्या दुखऱ्या जागेशी सांधा असतो तेथून तो सुटतो आणि एखाद्या कल्पनाचित्रासारखा समोर उभा राहतो. आता तो फक्त आपला राहत नाही. तिसऱ्या क्षणी त्याला शब्द देण्याचे काम सुरू होते, आणि शब्द देता देता ते चित्र स्वतःच बदलत जाते, वाढत जाते.

शिक्षणाच्या दृष्टीने ह्याचा विचार केला तर आमच्या त्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर येथे मिळते. पहिला क्षण कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. तो भिलाईतल्या मुलीला क्वार्टरच्या अंगणात मिळेल, रेल्वेच्या फलाटावर मिळेल, वडील रात्रपाळीहून परत येईपर्यंत जागणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर मिळेल. दुसरा क्षण वयाने आणि वाचनाने येतो. तिसरा क्षण मात्र मसुद्यांचा आहे. तेथे खाडाखोड आहे, फेरलेखन आहे, आणि म्हणूनच तेथे शिकविणाऱ्यास जागा आहे. स्वतः मुक्तिबोध एकेका कवितेवर वर्षानुवर्षे काम करीत. कचेरीत आमचा साधा मसुदादेखील चार पायऱ्या वर चढतो, प्रत्येक पायरीवर पेन्सिलीचे फटकारे खाऊन खाली उतरतो आणि पुन्हा टंकलिखित होऊन चढतो. एका पत्रासाठी आपण हे करतो आणि कवितेस मात्र एका दमात उतरलीच पाहिजे असा आग्रह धरतो, ही विसंगती आमच्या समजुतीबाहेरची आहे.

त्या वाड्यात मुक्तिबोध एकटे नव्हते. 'सरस्वती'चे एकेकाळचे संपादक पदुमलाल पुन्नालाल बख्शी हेही तेथे अध्यापक होते. ते खैरागढचे, शिक्षण बी.ए. पर्यंतच. आणि ह्याच राजनांदगावात विनोद कुमार शुक्ल नावाचा एक तरुण होता, जन्म १ जानेवारी १९३७. तो जबलपूरला शेतकी शिकत होता. शेतकी हा मुख्य विषय, कविता हा गौण; तोही कोणत्याच विद्यापीठाने न नेमलेला. त्याने आपल्या कविता मुक्तिबोधांना दाखविल्या. मुक्तिबोधांनी त्या वाचल्या आणि त्यांतील काही दिल्लीस श्रीकांत वर्मांच्या 'कृति' मासिकाकडे पाठविल्या. त्या छापून आल्या. घटना एवढीच. वर्ग नाही, तासिका नाही, परीक्षा नाही. तो तरुण पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठात अध्यापक झाला. १९७९ मध्ये त्याची 'नौकर की कमीज' ही कादंबरी आली, १९९९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर झाला. छत्तीसगढच्या लेखकास मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. ज्या हातांनी पहिल्या कविता टपालात टाकल्या त्यांना ह्यातले काहीच पाहावयास मिळाले नाही. १९६४ च्या फेब्रुवारीत मुक्तिबोधांना पक्षाघाताचा झटका आला, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला तो त्यांच्या मागे. शाळांसाठी लिहिलेले त्यांचे इतिहासाचे पुस्तक १९६२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने बंद केले होते. तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला असे जवळचे लोक सांगत.

येथे आपल्या गावचे एक नाव न घेणे अन्यायाचे होईल. पंडवानीच्या गायिका तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, आणि भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या. शाळेचे शिक्षण नाही. आजोबा ब्रिजलाल ह्यांच्या तोंडून महाभारत ऐकले आणि तीच त्यांची पाठशाळा झाली. विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. दिली, २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. विद्यापीठावाचून विद्या येत नाही असे म्हणणाऱ्याने तीजनबाईंकडे पाहावे. आणि गुरूवाचून येते असे म्हणणाऱ्यानेही तिकडेच पाहावे.

मराठीत गुरूचे हे काम विद्यापीठाऐवजी मासिकांनी केले. मुंबईचे 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद पडले, तोपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ह्यांच्याकडे आलेल्या कथेवर बारकाईने सूचना जात, कथा पुन्हा लिहून मागविली जाई. 'साभार परत'च्या पाकिटाची भीती आमच्या आधीच्या पिढीतल्या होतकरूंना परीक्षेच्या निकालाहून अधिक असे. महाराष्ट्राबाहेरही असे घर होते. बडोद्यास पुरुषोत्तम आत्माराम चित्रे ह्यांनी 'अभिरुचि' चालविले, आणि त्या पानांतून मराठी नवकवितेस मोठा आधार मिळाला. ह्याच घरातले दिलीप चित्रे १९७५ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमासाठी गेले. आयोवाने १९२२ मध्येच पदव्युत्तर पदवीसाठी कथा-कवितांचे हस्तलिखित चालेल असे ठरविले होते आणि १९३६ मध्ये लेखनाची कार्यशाळा काढली होती. मक्याच्या शेतांनी वेढलेले ते गाव. तेथे हे होऊ शकते तर भाताच्या शेतांनी वेढलेल्या गावात का होऊ नये, एवढे विचारावयास हरकत नसावी.

आपल्या देशात हा विषय औपचारिक रीतीने आला तो फार उशिरा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने सर्जनशील लेखनाची पदविका इंग्रजीत आणि हिंदीत काढली. कारखान्यात पाळी करणाऱ्यास ती टपालाने करता येण्याजोगी होती. मग नवे धोरण आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक आहेत आणि त्यांपैकी निदान २४ गौण विषयाचे; चार वर्षांच्या पदवीस १६० पैकी ३२. म्हणजे दोन्हीकडे पाचांत एक. एका श्रेयांकास पंधरा तास धरले तर तीन वर्षांत ३६० तास होतात. राजशेखराने कवीच्या दिवसाचा चौथा हिस्सा रचनेस दिला होता. आयोगाने पाचवा दिला आहे. घासाघीस करण्याइतका फरक नाही. अर्थात अभियांत्रिकीची घडी निराळी आहे, आणि प्रत्येक महाविद्यालयात लेखन हा गौण विषय म्हणून मिळेलच असेही नाही. जेथे मिळेल तेथे शिकविणारा कोण, हा प्रश्न राहतोच. रसग्रहणाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेलेल्या अध्यापकाकडे एकदम कथांचे मसुदे आले तर तो त्यांनाही शंभरपैकी गुण देऊन मोकळा होईल, अशी धास्ती आम्हास वाटते. शिकविणारा मुक्तिबोधांच्या ताकदीचा हवा असे नाही. पण मन लावून वाचणारा हवा.

आणि भाषा कोणती? ही आपल्या मंडळाची खरी अडचण. भिलाईत किंवा दुर्गच्या विद्यापीठात (हे २०१५ मध्ये स्थापन झाले) आपली मुलगी लेखन हा विषय घेईल तर तो हिंदीत किंवा इंग्रजीत. त्यात वाईट काही नाही. आपल्याकडे ह्याची परंपरा जुनी आहे. माधवराव सप्रे मराठी घरचे, बी.ए. झालेले, त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याचे प्रकाशक. हिंदीच्या आरंभीच्या कथांत जिची गणना होते ती 'एक टोकरी भर मिट्टी' सप्र्यांनी त्याच मासिकात १९०१ मध्ये छापली. पुढे त्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. त्यांना कोणी मराठीद्रोही म्हटले नाही. मुक्तिबोधांच्या घरात तर दोन भाऊ आणि दोन भाषा. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि 'क्षिप्रा'सारख्या कादंबऱ्यांचे लेखक. नागपूर महाविद्यालयात मराठी शिकवीत. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' ह्या त्यांच्या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे लेखन कसे घडते ह्याचा विचार एका भावाने राजनांदगावात हिंदीत केला, दुसऱ्याने नागपुरात मराठीत. मधले अंतर हावडा-मुंबई लोहमार्गावर काही तासांचे.

परंतु ह्या दोन भावांच्या मागे मराठी लिहिता येणारे घर होते. आमच्या तिसऱ्या पिढीकडे ते राहिलेले नाही, हे ह्या सुवर्णमहोत्सवी अंकात तरी स्पष्ट म्हटले पाहिजे. मुले मराठी बोलतात, गणपतीत आरत्या म्हणतात, नाट्यप्रवेशात संवाद पाठ करतात. पण ते संवाद पुष्कळदा रोमन लिपीत लिहून घेतात. ज्या भाषेत माणूस फक्त बोलतो तीत त्याच्या मुलांनी काय बोलावे ह्याची शाश्वती नसते.

ह्यासाठी महाराष्ट्रातल्या विद्यापीठांकडे डोळे लावावयाचे म्हटले तर अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्या स्थानाची निवड विचारपूर्वक झाली आहे. मराठीतले पहिले गद्य, 'लीळाचरित्र', म्हाइंभटांनी रचले ते तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथेच. ते कसे रचले गेले हे आमच्या विषयास धरून आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्या एकेका माणसाकडे म्हाइंभट गेले, टिपून घेतले आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. गावोगाव हिंडणारा एक लेखक आणि त्याचे लिहिणे ऐकून हे बरोबर, हे नव्हे, असे सांगणारा एक जाणता. मराठी गद्याचा जन्मच मुळी मसुदा आणि तपासणी ह्यांतून झाला. पुढे परचक्रात मूळ पोथी नाहीशी झाली आणि शिष्यांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली, असे परंपरा सांगते.

आपल्या मंडळाकडे एक सभागृह आहे, थोडी पुस्तके आहेत, आणि म्हाइंभटांना सांगण्याजोग्या आठवणी असलेली ज्येष्ठ मंडळी अजून आहेत. भट्टीवर पहिली पाळी केलेल्यांची मुले आज सत्तरीच्या घरात आहेत. महिन्यातून एक रविवार, दोन तास, सुट्या वजा जाता वर्षातून दहा वेळा मुलांनी मराठीत लिहून आणावे आणि कोणी तरी ते मन लावून वाचून खुणा करून परत द्यावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. वर्षाचे वीस तास होतात. आयोगाने गौण विषयास नेमलेले ३६० तास ह्या गतीने भरावयास अठरा वर्षे लागतील. म्हणजे ज्या घरी यंदा बारसे झाले त्या घरचे मूल प्रवेशाचा अर्ज भरावयास जाईल तोपर्यंत.